पिल्लाचे मौन आणि आमची जबाबदारी

निवासी शाळेच्या समारंभात आईविषयी बोलण्याची वेळ आली, की वक्त्याचा कंठ दाटतो, श्रोते डोळे टिपतात आणि सभा संपल्यावर वसतिगृहाचे नियम होते तसेच राहतात. आईला आम्ही भावनेच्या प्रांतात इतक्या उंचीवर नेऊन बसवले आहे, की तिच्या सहवासाचा लेकराच्या रक्तामांसाशी काही संबंध असेल, हा विचारच मनात येत नाही. वस्तुतः गेली सत्तर वर्षे प्राणिशास्त्र, मानसशास्त्र आणि वैद्यक या शास्त्रांनी याच संबंधाचा कसून शोध घेतला आहे. आईपासून दुरावलेल्या पिल्लांच्या हृदयाचे ठोके, रक्तातील संप्रेरके, शरीराची वाढ आणि रोगाशी झुंजण्याची शक्ती यांत कोणते बदल होतात, हे मोजून पाहिले गेले आहे. त्यातून निघणारा एक निष्कर्ष निवासी शाळा चालवणाऱ्या आम्हा सर्वांना अस्वस्थ करणारा आहे. विरह सोसणारे पिल्लू रडायचे थांबले, म्हणजे ते सावरले असे मानता येत नाही. आमच्या वसतिगृहांचा बराचसा कारभार मात्र नेमका याच समजुतीवर चालतो. स्मरणिकेच्या पानांतून या विषयाची मांडणी करण्याचे प्रयोजन एवढेच आहे.

सुरुवात ओळखीच्या गोठ्यापासून करू. गाय व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधाला आपण चीक म्हणतो आणि त्याचा खरवस आवडीने खातो. तो चीक ज्याच्यासाठी असतो, त्या वासराची अवस्था काय असते? मानवी गर्भाला आईच्या रक्तातील काही प्रतिपिंडे वारेतून जन्मापूर्वीच मिळतात. गाईच्या वारेची घडण निराळी असल्यामुळे तिची प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. वासरू रोगांच्या जगात जवळजवळ निःशस्त्र येते आणि त्याला शस्त्रे मिळतात ती चिकातूनच. त्यासाठीही वेळ साधावी लागते. ही मोठी प्रथिने न पचवता जशीच्या तशी रक्तात घेण्याची वासराच्या आतड्याची क्षमता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते आणि साधारणपणे २४ तासांत संपून जाते. म्हणून वासराच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के चीक त्याला लवकरात लवकर पाजावा, असे पशुवैद्य सांगतात. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर वासराने कासेला ढुशी दिली, की गाईच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरते आणि पान्हा सुटतो. वासरू समोर नसेल, तर गाय पान्हा चोरते. वासरू दगावले, तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभे करण्याची रीत यातूनच आली. आई आणि पिल्लू यांचे नाते दोघांच्याही देहात असे रुजलेले असते, हे आपल्या शेतकऱ्याला कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधीपासून ठाऊक आहे.

मग प्रश्न असा उरतो, की आई म्हणजे केवळ दूध काय? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक विद्वानांचे मत तसेच होते. जो अन्न देतो त्याच्याशी मूल जोडले जाते, असे ते मानत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे हॅरी हार्लो यांनी १९५८ मध्ये या मताला मोठा धक्का दिला. ऱ्हीसस माकडांची नवजात पिल्ले आईपासून दूर करून त्यांनी त्यांच्यासमोर दोन कृत्रिम माता ठेवल्या. एक तारेची आणि दुसरी मऊ कापडाने मढवलेली. दुधाची बाटली तारेच्या मातेकडे असली, तरी पिल्ले दूध पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि उरलेला सारा वेळ कापडाच्या मातेला बिलगून राहत. भीतीदायक वस्तू समोर आली, तर धाव घेत तीही कापडाकडेच. पोट भरणे आणि आधार मिळणे या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. मात्र त्या कापडालाही मर्यादा होती. केवळ कृत्रिम मातेजवळ वाढलेली ही पिल्ले पुढे कळपात मिसळू शकली नाहीत. त्यांच्यापैकी ज्या माद्यांना पिल्ले झाली, त्यांतील अनेकींना स्वतःच्या पिल्लाला जवळ घेणेही जमले नाही.

हे प्रयोग क्रूर होते, हे येथेच नमूद केले पाहिजे. हार्लो यांनी पुढे पिल्लांना संपूर्ण एकांतात कोंडण्याचेही प्रयोग केले आणि त्यांवर त्यांच्या हयातीतच कठोर टीका झाली. प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगण्याचे संस्कार देणाऱ्या शाळेच्या पानांवर या संशोधनाचा उल्लेख करताना आमचा हात अडखळतो. तरीही ज्या वेदनेतून हे ज्ञान आले, ती वेदना मागे जाऊन पुसता येत नाही. त्या पिल्लांच्या दुःखातून जे समजले, त्याचा उपयोग मानवी लेकरांचे दुःख कमी करण्यासाठी झाला नाही, तर ते दुःख सर्वस्वी वाया गेले असे म्हणावे लागेल.

न्यूयॉर्क येथील संशोधक मायरन होफर यांच्या कामाला एका अपघाताने दिशा मिळाली. पिंजऱ्यातून रात्री उंदरीण निसटली आणि सकाळी तिच्या पिल्लांच्या हृदयाचे ठोके नेहमीच्या निम्म्याहूनही कमी झालेले आढळले. आईची ऊब गेल्याने असे झाले असावे, म्हणून पिल्लांना कृत्रिम ऊब देण्यात आली. त्यामुळे त्यांची हालचाल टिकली, पण ठोके पूर्ववत झाले नाहीत. नळीवाटे पोटात दूध सोडल्यावर मात्र ठोके वाढले. वर्षानुवर्षांच्या प्रयोगांनंतर होफर या निर्णयाला आले, की आईचा सहवास ही एकसंध गोष्ट नाही. तिची ऊब एका क्रियेचे नियमन करते, दूध दुसऱ्या क्रियेचे, स्पर्श तिसऱ्या क्रियेचे आणि गंध आणखी कशाचे. आई दूर होते, तेव्हा हे सारे छुपे लगाम एकाच वेळी सुटतात.

त्यांपैकी स्पर्शाच्या लगामाविषयी पुष्कळ माहिती मिळाली आहे. सेमूर लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की उंदराच्या पिल्लात जन्मानंतर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत ताणाची संप्रेरके फारशी वाढत नाहीत. निसर्गाने वाढीच्या नाजूक काळात केलेली ही तजवीज आईच्या उपस्थितीवर टिकून असते. आईला २४ तास दूर ठेवले, की ती मोडते आणि किरकोळ त्रासानेही ताणाची संप्रेरके उसळतात. अशा पिल्लांना दूध दिले आणि आईच्या जिभेसारखा ओल्या कुंचल्याचा स्पर्श दिला, तर हा परिणाम बराचसा आटोक्यात येतो. ड्यूक विद्यापीठातील सॉल शॅनबर्ग यांना दुराव्यामुळे पिल्लांच्या वाढीचे संप्रेरक घटलेले आढळले आणि तेही ओल्या कुंचल्याने पूर्ववत झाले. या निष्कर्षांचा धागा पकडून टिफनी फील्ड यांनी मायामी येथे अपुऱ्या दिवसांच्या मानवी बाळांना रोज पंधरा-पंधरा मिनिटे तीन वेळा हलके मालिश दिले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मालिश मिळालेल्या बाळांचे वजन इतरांपेक्षा दिवसाला सरासरी ४७ टक्के अधिक वाढल्याचे दिसले. दुधाचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते. तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन तेल लावणाऱ्या आपल्या आज्यांना या आकड्याचे नवल वाटले नसते.

आता रोगप्रतिकारशक्तीकडे वळू. संकट जाणवले, की मेंदूकडून पीयूष ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना संदेश जातो. त्या ग्रंथी कॉर्टिसॉल रक्तात सोडतात. हे संप्रेरक साखर उपलब्ध करून देते, शरीराला पळण्यास वा लढण्यास सज्ज करते आणि तातडीची नसलेली कामे काही काळ मागे ढकलते. त्या मागे ढकललेल्या कामांत वाढ, पचन आणि रोगजंतूंविरुद्धची काही यंत्रणाही येते. घटकाभराचे संकट असेल, तर ही व्यवस्था प्राण वाचवते. संकट दिवसेंदिवस न टळणारे असेल, तर तीच व्यवस्था शरीराला पोखरते. पांढऱ्या पेशींचे काम मंदावते, आणि ज्या थायमस ग्रंथीत त्यांतील काही पेशी तयार होतात, ती आक्रसते. मार्क लॉडेनस्लेगर, मार्टिन राइट आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये मकाक माकडांच्या पिल्लांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. आईपासून दूर असलेल्या काळात पिल्लांच्या पांढऱ्या पेशींची प्रतिसाद देऊन वाढण्याची क्षमता घटली होती आणि पुनर्भेटीनंतर ती परत आली. विशेष म्हणजे हा उतार मातांमध्येही दिसला. मनुष्याच्या बाबतीत शेल्डन कोहेन यांच्या १९९१ मधील अभ्यासाचा दाखला देता येईल. सर्दीचे विषाणू नाकात सोडण्यास संमती दिलेल्या प्रौढांपैकी ज्यांच्या मनावर ताण अधिक होता, त्यांना संसर्ग होण्याचे प्रमाणही अधिक निघाले.

या पार्श्वभूमीवर जून आणि जुलै या महिन्यांतील वसतिगृह डोळ्यांसमोर आणावे. नवी मुले दाखल झालेली असतात, पाऊस सुरू झालेला असतो, खोल्यांत दाटी असते, पाणी बदललेले असते. सर्दी, ताप, जुलाब यांचा फेरा येतो. त्याची कारणे आपण पाण्यात, अन्नात आणि पावसात शोधतो आणि ती तेथे असतातही. पण याच आठवड्यांत त्या मुलांनी आयुष्यातील सर्वांत मोठा विरह सोसायला सुरुवात केलेली असते, ही बाब आजाराच्या नोंदवहीत कोठेही लिहिली जात नाही.

पिल्लाच्या मौनाची गोष्ट येथून सुरू होते. दक्षिण अमेरिकेतील स्क्विरल मंकी या छोट्या माकडांवर लेविन, क्रिस्टोफर को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षे काम केले. आईपासून दूर केलेले पिल्लू आईला पाहू शकत असेल, तर ते खूप ओरडे, मात्र त्याच्या रक्तातील कॉर्टिसॉल तुलनेने कमी असे. आई दिसण्याची सोयच काढून घेतली, तर ओरडणे कमी होई आणि कॉर्टिसॉल वाढे. म्हणजे कान जे सांगत होते, त्याच्या उलट रक्त सांगत होते. हाक मारणाऱ्या पिल्लाला हाकेला ओ मिळण्याची आशा असते. ती आशा मावळली, की हाक थांबते आणि ताण मात्र आत चालू राहतो.

लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी याच गोष्टीचे मानवी रूप पाहिले. त्या काळी रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांना भेटण्यास पालकांना फार थोडी मुभा असे. आई येऊन गेली की मूल रडते, न आली तर शांत राहते, यास्तव भेटी टाळाव्यात, असा परिचारिकांचा आणि डॉक्टरांचा प्रामाणिक समज होता. रॉबर्टसन यांनी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचे चित्रीकरण केले आणि १९५२ मध्ये तो चित्रपट वैद्यकीय मंडळींना दाखवला. प्रथम आक्रोश, मग खिन्नता आणि त्यानंतर अलिप्तता, अशा तीन अवस्थांतून दुरावलेले मूल जाते, हे त्यांनी जॉन बोल्बी यांच्यासह मांडले. रुग्णालय ज्याला रुळणे म्हणत होते, ती यातील दुसरी वा तिसरी अवस्था होती. प्रारंभी त्यांच्यावर रोष ओढवला. पुढे १९५९ मध्ये ब्रिटनमधील प्लॅट समितीने मुलांच्या वॉर्डात पालकांना मुक्त प्रवेश असावा अशी शिफारस केली आणि रुग्णालयांची दारे हळूहळू उघडली.

आमच्याकडील कित्येक वसतिगृहांत आजही हाच जुना समज नियमाच्या रूपाने जिवंत आहे. पहिला महिना पालकांनी भेटू नये, फोन करू नये, कारण मूल रडते आणि रुळत नाही, असे सांगितले जाते. हे सांगणारे अधीक्षक दुष्ट नसतात. शंभर मुलांचा भार वाहताना जे मूल रडत नाही ते ठीक आहे, असे मानण्यावाचून त्यांना गत्यंतर नसते. तथापि शास्त्राची साक्ष काढली, तर भेटीनंतर रडणारे मूल हे बहुधा अजून आशा असलेले मूल असते. काळजी वाटावी ती कोपऱ्यात शांत बसणाऱ्या, ताटातले अर्धे टाकणाऱ्या, रात्री अंथरूण ओले करणाऱ्या आणि महिन्यातून दोनदा तापाने पडणाऱ्या मुलाची.

याचा अर्थ निवासी शाळाच नकोत, असा कोणी काढील. आमचे म्हणणे तसे नाही आणि पुरावाही तसे म्हणत नाही. चार्ल्स कॉफमन आणि लिओनार्ड रोझेनब्लम यांनी १९६० च्या दशकात दोन जातींच्या माकडांची तुलना केली. एक आग्नेय आशियातील पिगटेल मकाक आणि दुसरी बॉनेट मकाक. ही दुसरी जात आपल्या दक्षिण भारतातली. सह्याद्रीच्या दक्षिण भागातही डोक्यावर केसांची टोपी मिरवणारी ही माकडे दिसतात. आईला कळपातून काढल्यावर पिगटेलचे पिल्लू आधी सैरभैर होई आणि मग गुडघ्यांत डोके घालून दिवसेंदिवस खिन्न बसे. बॉनेटच्या पिल्लाला मात्र कळपातील इतर माद्या जवळ घेत, कुशीत धरत, सांभाळत. त्याला तशी खोल खिन्नता येत नसे. हा फरक दुराव्याच्या आधीच्या आयुष्यातून आला होता. बॉनेट माद्या एकमेकींना खेटून बसतात आणि पिल्लाला इतरांच्या हाती जाऊ देतात. आई असतानाच पिल्लाची दुसऱ्या कुशीशी ओळख झालेली असते. पिगटेलच्या माद्या आपापले अंतर राखतात, म्हणून आई गेल्यावर त्यांच्या पिल्लाला सारा कळप परका असतो. पुढे १९९७ मध्ये मारिया बोच्या, लॉडेनस्लेगर आणि सहकाऱ्यांनी बॉनेट पिल्लांविषयीच असे दाखवले, की आई दूर असताना ज्यांच्याजवळ त्यांचे थोडे मोठे सवंगडी होते, त्यांच्या वागण्यावर आणि प्रतिकारशक्तीवर दुराव्याचा परिणाम सौम्य झाला.

माय मरो पण मावशी जगो, ही आपल्या भाषेतील म्हण कानाला कठोर वाटते. तिच्यातील शहाणपण मात्र या निरीक्षणांशी तंतोतंत जुळते. मायादेवी सातव्या दिवशी निवर्तल्यावर सिद्धार्थाला वाढवले ते त्याची मावशी महाप्रजापती गौतमी हिने, हे येथील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. आईची जागा रिकामी पडणे हे संकट खरे. त्याहून मोठे संकट म्हणजे ती जागा कोणाच्याच वाट्याला न येणे.

आणखी एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. कष्ट आणि विरह सोसल्यानेच मूल कणखर होते, आम्हीही असेच शिकलो, असे अनेक जुनी मंडळी अभिमानाने सांगतात. त्यात तथ्याचा अंश आहे, परंतु तो कोठे आहे हे नीट पाहावे. उंदराच्या पिल्लांना रोज सुमारे पंधरा मिनिटे आईपासून दूर केले, तर ती मोठेपणी अधिक शांत आणि धीट निघतात. परतलेल्या पिल्लांना आई अधिक चाटते, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. हाच दुरावा रोज तीन तासांचा केला, तर परिणाम बहुधा उलटा होतो आणि ताणाची यंत्रणा आयुष्यभर चढी राहते. स्क्विरल मंकीच्या पिल्लांना आठवड्यातून एकदा तासाभरासाठी दूर केल्यावर ती पुढे नव्या परिस्थितीला कमी बिचकली, असेही आढळले आहे. कणखरपणा येतो तो थोड्या दुराव्यातून आणि खात्रीच्या परतण्यातून. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील मायकेल मीनी यांनी १९९७ मध्ये दाखवले, की पिल्लांना अधिक चाटणाऱ्या उंदरिणींची पिल्ले मोठेपणी ताण लवकर पचवतात. कमी चाटणाऱ्या आईची पिल्ले अधिक चाटणाऱ्या उंदरिणीकडे वाढवली, तर तीही तशीच निघतात. या गुणाचा वारसा रक्तापेक्षा संगोपनातून मिळतो, ही गोष्ट निवासी शाळेसाठी फार मोठ्या आश्वासनाची आहे.

मनुष्याचे मूल म्हणजे उंदीर वा माकड नव्हे, हे आम्ही विसरलेलो नाही. आमच्याकडे येणारी मुले तान्ही नसतात. ती बोलू शकतात, दिवाळीच्या सुट्टीचे दिवस मोजू शकतात, आपण येथे का आलो हे समजू शकतात. ऊसतोडीला, वीटभट्टीवर वा बांधकामावर जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी वसतिगृह हेच बहुधा शाळेत टिकून राहण्याचे एकमेव साधन असते. महाराष्ट्रातील वंचितांच्या शिक्षणाचा इतिहास वसतिगृहांवाचून लिहिताच येणार नाही. त्याच इतिहासात साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही देणाऱ्या लक्ष्मीबाई पाटील आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांचे कार्य सांगताना लक्ष्मीबाईंचा त्याग आपण सांगतो. त्यांनी जातीपातीचा विचार न करता त्या मुलांना आपल्या चुलीभोवती आईच्या मायेने वाढवले, हा त्यांच्या कार्याचा गाभा त्यात झाकला जाऊ नये.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या मते काही गोष्टी तातडीने करता येण्याजोग्या आहेत. पहिली, अगदी लहान वयात प्रवेश देणे शक्य तेथवर टाळावे आणि टळत नसेल, तर त्या मुलांसाठी वेगळी, लहान आणि अधिक मनुष्यबळाची व्यवस्था असावी. दुसरी, प्रवेशापूर्वी मुलाने आईसोबत वसतिगृहात एक-दोन दिवस यावे, जेवावे, तेथील मावशींच्या ओळखीचे व्हावे. बॉनेट माकडीण जे उपजत करते, ते आम्ही ठरवून करावे. तिसरी, भेटीवरील आणि फोनवरील पहिल्या महिन्याची बंदी उठवावी. भेटीचा वार आणि फोनची वेळ निश्चित असावी व ती कोणत्याही शिक्षेपोटी रद्द होऊ नये, कारण मुलाला आधार वाटतो तो त्या खात्रीचा. चौथी, भावंडे आणि एका गावची मुले शिस्तीच्या नावाखाली वेगवेगळ्या खोल्यांत विभागू नयेत. पाचवी, आजारी मुलाला आजारपणाच्या खोलीत एकटे ठेवू नये. संसर्गामुळे वेगळे ठेवणे भाग असले, तरी ओळखीचे एक मोठे माणूस त्याच्याजवळ असावे. सहावी, प्रत्येक नव्या मुलाची झोप, भूक, वजन आणि वारंवार येणारा ताप यांची नोंद पहिले सहा महिने ठेवावी आणि न रडणाऱ्या मुलाची चौकशी रडणाऱ्या मुलाइतकीच व्हावी.

एक लहानशी गोष्ट आणखी. सर्वांना सारखे अंथरूण-पांघरूण देण्यामागे समतेचा उदात्त विचार आहे आणि तो आम्हाला मान्य आहे. तरीही घरून आणलेली, आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी मुलाच्या पेटीतून काढून परत पाठवण्याची घाई करू नये. कापडाची माता पुरेशी नसते, हे हार्लो यांच्या माकडांनी दाखवले. भीतीच्या क्षणी धाव घेण्यापुरती ती उपयोगी पडते, हेही त्यांनीच दाखवले.

सर्वांत अवघड सूचना शेवटी लिहितो. वसतिगृहात मुलांना अंघोळ घालणाऱ्या, केस विंचरणाऱ्या, ताप पाहणाऱ्या, रात्री उठून पांघरूण घालणाऱ्या बाईला आपण मावशी म्हणतो. शाळेच्या उतरंडीत तिचे स्थान बहुधा सर्वांत खाली असते, पगार सर्वांत कमी असतो, नेमणूक तात्पुरती असते आणि एका मावशीकडे किती मुले असावीत, याचा हिशेब कोणी मांडत नाही. दरवर्षी मावशी बदलते, तेव्हा मुलांचा दुसऱ्यांदा विरह होतो. ग्रंथालय, संगणक कक्ष आणि क्रीडांगण यांसाठी देणगी मागताना आम्हाला संकोच वाटत नाही. मावशीच्या कायम नेमणुकीसाठी, प्रशिक्षणासाठी आणि योग्य वेतनासाठी मात्र आजवर कोणी देणगी मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मुलाची वाढ, आरोग्य आणि मन यांचा लगाम ज्या हातात आहे, त्या हाताला संस्थेच्या अंदाजपत्रकात पहिले स्थान मिळाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आई आपले लेकरू आमच्या स्वाधीन करून परतते, तेव्हा त्याला शिकवण्याइतकेच त्याला जवळ घेण्याचे उत्तरदायित्व आमच्यावर येते. निकालाची टक्केवारी, स्पर्धांतील पारितोषिके आणि इमारतींचे मजले या सर्वांचा आढावा वार्षिक अहवालात असतो. पहिल्या रात्री उशीत तोंड खुपसून पडलेल्या मुलाने कोणाला हाक मारली आणि त्या हाकेला कोण धावून गेले, याचाही आढावा यापुढे घेतला जावा. तो घेण्याची तयारी ज्या शाळेने दाखवली, त्या शाळेतील मुले आजारी कमी पडतील, असा विश्वास आम्हाला या अभ्यासातून वाटतो. आणि जी पडतील, ती एकटी नसतील.